आई रोज रिकामी करायची ती टाकी

वेल्ह्याजवळच्या आमच्या नव्या घराची मैत्रिणींनो, तुम्ही सगळ्या चौकशी करता, म्हणून आजचं लिहिते.

पहाटे अंघोळीचं पाणी तापवताना चुलीच्या धुराने आईची छाती भरते. घरात कॉलेज केलेली मी एकटीच, त्यामुळे उपाय माझ्यावर सोडला होता. छपरावर उन्हात तापलेलं पाणी साठवायला न्हाणीशेजारी टाकी बसवली. पहाटेपर्यंत ऊब टिकावी म्हणून भोवती भाताचं तूस भरून बाबांनी भिंत बांधली. तरी पहाटे पाणी गारच यायचं आणि आई चूल पेटवायची.

आज संध्याकाळी कारण कळलं. टाकीचा नळ सोडून आई वाफाळतं पाणी नालीत जाऊ देत होती.

"आई, हे काय?"

"मग शिळं पानी ठिवू व्हय? रोज सांजचं ताजं भरते. देवाला दिसभर साचलेलं पानी घालायचं का?"

ताजं पाणी टाकीच्या आतून नळीने फिरवलं तर तापेल, साठवलेलं वापरावंच लागणार नाही. फक्त नळी आत घालायला भिंत फोडावी लागेल. तसं मी तिला सांगितलं.

"नगं बाई. लई कष्टानं बांधलीय त्यांनी. माझं काय, खोकत खोकत जाईल दिस."

भिंत मी फोडीनच. पण स्वतःची छाती भिंतीपेक्षा स्वस्त मानणाऱ्या आईला काय सांगायचं?