कोठीतलं पिल्लू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — लेकींनाही नाही. सांगायची वेळच आली नाही, असं म्हणू का? तेही खोटं. वेळ आली होती. दोनदा.

आमचे हे महाराजांच्या पागेत सलोत्री होते — घोड्यांचे वैद्य. माणूस मायेचा. माझा संसार सुखाचा झाला, हे आधीच सांगते. पोळलेल्या मनानं बोलते आहे असं समजू नका.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आमच्याकडेच असत. नवऱ्याची नोकरी फिरतीची. घरात कडक गोशा, बायकांनी पडद्याआडच राहायचं. ऊन वन्संच्या अंगाला कधी लागायचं नाही. पहिल्या बाळंतपणापासून कमरेची हाडं अशी दुखत, की उठताना भिंत धरावी लागे. ह्यांनी पागेत पाहिलं होतं — अंधारात बांधलेली शिंगरं लंगडतात, कुरणात सोडली की सुधारतात. म्हणाले, "आई, आक्काला रोज उन्हात बसवूया."

"माणूस काय घोडं हाय व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "आदी मला दाखीव, मग बगू."

म्हणून एकाच कुत्रीची दोन पिल्लं आणली. दोघांना नुसती भाकरी. एक परसात मोकळं, दुसरं कोठीच्या अंधारात. कोठीतल्याचे पाय वाकले तर वन्संना बाहेर बसवायचं — सासूबाईंनी कबूल केलं.

आणि मी? दुपारी घर लवंडलं की मी ते पिल्लू पदराखाली घेऊन गच्चीवर जायची. वाटीभर दूध पाजायची. ते माझ्या मांडीवर, उन्हात, पाय ताणून झोपायचं. दया आली म्हणू? थोडी आली. पण गोशा मलाही होता ना — ते ऊन मला हवं होतं. ती सोबतही.

काही महिन्यांनी ह्यांनी दोन्ही पिल्लं सासूबाईंपुढे उभी केली. दोघांचे पाय सरळ. ह्यांनी कोठीतल्याचे गुडघे पुन्हा पुन्हा चाचपले. "माझंच चुकलं," म्हणाले. वन्सं दाराआडून बघत होत्या. मी शेजारीच उभी होते — बोलले नाही. सासूबाई रागावतील, एवढीच भीती. एवढीच.

वन्संचं पुढचं बाळंतपण फार जड गेलं. कितीतरी दिवस त्या अंथरुणालाच खिळून होत्या.

मग त्यांच्या यजमानांची गारगोटीला बदली झाली, ते त्यांना घेऊन गेले. तिथं घरापुढं मोठं अंगण, आणि गोशा बघायला कुणी नाही. पुढच्या वर्षी आम्ही दोघं भेटायला गेलो, तर वन्सं कडेवर पोर घेऊन दारापर्यंत चालत आल्या. भिंत न धरता.

परतताना बैलगाडीत हे म्हणाले, "म्हंजे माझं खरंच होतं की. त्या पिल्लाचं तेवढं कोडं सुटत न्हाय. तुला काय वाटतं?"

तिथं सासूबाई नव्हत्या. कुणीच नव्हतं. आणि हे काही रागावणाऱ्यातले नव्हते.

"कुत्र्याची जातच दणकट," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला — आणि पुन्हा कुणाच्या घरी तो विषय काढला नाही. आमच्या गल्लीत भिंत धरून उठणाऱ्या बायका काय थोड्या होत्या?

वन्संनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या होत्या. ह्यांनी निम्म्याहून जास्त माझ्याकडे सारल्या. मी खाल्ल्या. गोड लागल्या.