बावन्न मालकांची रापण

"मालक? मी?" देवबागच्या सुंदराकाकीने माझ्या टेबलावर थाप मारली. "अरे मेल्या, चार दिस चुलीर टोप चढूक नाय, आणि तू माका मालक केलंस?"

केलं होतं खरं. एकटीला नव्हे, बावन्न जणांना.

सत्तावन्न साली फ्लूच्या साथीने अर्धा किनारा अंथरुणाला खिळला. मी तेव्हा मालवणच्या कचेरीत नवा कारकून. सरकारचा हुकूम आला: साथीमुळे काम बंद पडलेल्या मजुरांना फुकट तांदूळ, छोट्या दुकानदारांना कर्ज. मी फॉर्म घेऊन देवबागला गेलो आणि विचारलं, "रापण कोणाची?"

"आमची," सगळे म्हणाले.

रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीने समुद्रात टाकायचं आणि गावाने किनाऱ्यावरून दोन्ही दोर ओढायचे. मी धामापूरचा, भातशेतीतला. समुद्र पाहिलेला तो एसटीच्या खिडकीतून. मालकाच्या रकान्यात ऐटीत लिहिलं: स्वतः. बावन्न वेळा.

मामलेदारसाहेब घाटावरचे. म्हणाले, "मालकांना तांदूळ मिळत नाही."

"मग कर्ज?"

"दुकानाचा परवाना दाखवा."

हे काकीला सांगितलं. तिचा मुलगा तापाने फणफणलेला, घरात पेजेलाही कण नाही. रडेल असं वाटलं होतं; तिने टेबलावर ती थाप मारली.

"फाल्यां सकाळी तुझ्या सायबाक घेऊन ये," ती म्हणाली. "मालक कसो आसता तो दाखवतंय."

दुसऱ्या सकाळी साहेब आले, बूट घालून. पुरुष आजारी, म्हणून दोराला बहुतेक बायकाच. जाळं निम्म्यावर आलं आणि दोर मागे सरकू लागला.

"बगतास काय?" काकी साहेबांवरच ओरडली. "धरा दोर!"

साहेबांनी बूट काढले. मीही धावलो, दोर धरला, पहिल्याच हिसक्याला पाण्यात उताणा पडलो. माझी टोपी तेवढी जाळ्यासोबत किनाऱ्याला आली.

मासळी जेमतेम टोपलीभर. वाळूवर वाटे पडले. एक साहेबांपुढे.

"मला कशाला?"

"दोराक हात लावलात, वाटो तुमचो. आता तुमीव मालक."

जीपमध्ये साहेब पायांची वाळू झटकत होते. मी भिजलेला होतो, नोकरी कच्ची होती, तरी तोंड आवरेना. "साहेब, त्रेपन्नावं नाव तुमचं घालू?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बदलीचा कागद डोळ्यांपुढे आला. मग म्हणाले, "यादी आण."

प्रत्येक 'स्वतः'वर काट मारून त्यांनी आपल्या हाताने लिहिलं: रापण ओढणारे मजूर. मालक कोणी नाही.

जिल्ह्याहून लगेच विचारणा आली: मालकाशिवाय मजूर कसे? साहेबांनी एका ओळीत उत्तर धाडलं: देवबागला येऊन दोर धरावा.

कोणी आलं नाही. तांदूळ आला. काकीचा मुलगा पेजेवर उठून बसला.

तांदूळ वाटताना मी काकीला हळूच विचारलं, "त्या दिवशी माका वाटो कित्याक नाय?"

"तू दोर सोडलंस मा!"

नियम चोख होता. त्यानंतर पेन्शनीपर्यंत मी कोणाच्याही धंद्याचा फॉर्म भरण्याआधी चपला काढून त्याच्या कामाला हात लावत आलो.