आमच्या ह्यांचं नाव

डॉक्टरबाईंनी माझ्या मेंदूचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं एक जागा दाखवली. "आजी, हा हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी इथून आत जातात. तुमचा थोडा आकसला आहे." मग माझ्या मुलाकडे न बघता माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "हा अल्झायमर दिसतो आहे. सुरुवातीची पायरी आहे. लवकर आलात, हे बरं केलंत."

खरं सांगते, आधी भीती वाटलीच नाही. मी त्या फोटोकडे बघतच राहिले. शिंगाड्यापेक्षा फार मोठी नसावी ती जागा. आणि एवढ्याशा जागेतून माझं अख्खं आयुष्य आत गेलं? माहेर, सासर, बाळंतपणं, धानाचे इतके हंगाम, जावेशी झालेली सगळी भांडणं? एवढ्या मोठ्या तलावाला पाणी यायची वाट एवढीशीच!

भीती नंतर आली, दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये. समोर आमचे हे बशीत चहा ओतत होते. वाटलं, एक दिवस हा माणूस असाच समोर बसेल आणि मी विचारीन, "कोण जी तुम्ही?"

ज्यांच्या घरी कुणाला "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडून दिलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही स्वतःला तसंच सोडून दिलं होतं.

विसरणं मला नवं नाही. तरुणपणी चुलीवरचं दूध मी इतक्यांदा उतू घातलं की मांजर माझ्याच बाजूची होती. पण तेव्हा मी कुंपणापाशी शेजारणीशी गप्पा मारत असायची. दूध का उतू गेलं हे मला पक्कं ठाऊक असायचं. यंदा संक्रांतीला गुळाच्या पाकाची कढई माझ्या पुढ्यात होती, तीळ भाजून तयार होते, आणि आता काय करायचं ते सुचेना. लाडू मी जन्मभर वळलेत. पाक दगड झाला, तरी मी उलथनं धरून उभीच.

मग एकदा कारधाच्या पुलाजवळ बसमधून उतरले आणि घरची वाट कोणत्या बाजूला, तेच कळेना. त्या वाटेनं मी नवरी होऊन आले होते. मी काय केलं? वैनगंगेकडे तोंड करून बसले, जणू पाणीच बघायला आले आहे. गावातला एक ओळखीचा आला तेव्हा त्याच्याशी बोलत बोलत त्याच्या मागून घरी पोचले. त्याला पत्ताही लागला नाही. लपवण्यात मी हुशार. आणि या आजारात हुशारीच माणसाला उशीर करते.

लपवायला आमच्या रीतीनंही मदत केली. आमच्याकडे नावं घेतोच कोण? मी लाखांदूरची, म्हणून मोठ्या जावेसाठी 'लाखांदूरवाली'. तिला मी 'बाई' म्हणते. पोरं बापू, सुना बाई, आणि नवरा म्हणजे 'हे'. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं मॅट्रिक पास झालेली मी शहाणी खरं मानत होते. मतदानाच्या टेबलावर बाबूने नाव विचारलं, तर जावेला पुढे ढकलायची. त्यामुळे एकेक नाव माझ्यातून निघून गेलं तरी कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

कळलं ते जावेला. एक दिवस ती माझ्या मुलाला म्हणाली, "बापू, तुह्या मायले दवाखान्यात ने."

"काहून, मोठी आई? काय झालं?"

"अरे, हे लाखांदूरवाली मले टोमणाच मारून नाही राहिली. काल म्या भाजी खारट केली, तरी गुमान जेवली."

मुलगा हसला. "मग चांगलंच हाय ना. घरात शांतता."

"शांतता गेली चुलीत! हे बाई अशी नाही."

माणूस गप्प होणं, मन कशातच न लागणं, हेही लक्षण असू शकतं, हे डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं. घरच्यांना वाटतं, म्हातारी निवळली.

आधी भंडाऱ्यात रक्त तपासलं. थायरॉइड म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचं काम, आणि बी-ट्वेल्व्ह म्हणजे एक जीवनसत्त्व. ही कमी पडली तरी विसरायला होतं आणि औषधानं सुधारतं, म्हणून आधी ती बघतात. माझी दोन्ही ठीक निघाली. मग नागपूरला नेलं. एमआरआय म्हणजे मोठ्या नळीत निजवून मेंदूचे फोटो काढणं. दुखत नाही, पण धान भरडायच्या गिरणीत झोपल्यासारखं वाटतं. त्याआधी झाली प्रश्नांची परीक्षा. वार कोणता, घड्याळ काढा, आत्ता सांगितलेले तीन शब्द परत सांगा. मी घड्याळ काढलं, त्यात आकडे एकाच बाजूला दाटीनं बसले, जसे बसमध्ये सावलीकडच्या बाकांवर लोक.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "मिस्टरांचं नाव?"

मी पदर सावरून खाली बघितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. शेजारी बसलेली जाऊ उसळली. "लिहू नका जी! ते इसरली नाही. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"इथे चालेल, आजी. घ्या."

म्हटलं, बरं, घेऊ. आणि घ्यायला गेले तर तिथे काही नव्हतं. ह्यांचा चेहरा होता, खोकला होता, तंबाखू मळायची ढब होती. नाव नव्हतं. कधी गेलं होतं, कोण जाणे.

जावेनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं. तिनं माझा हात घट्ट धरला. "लाखांदूरवाली, तू नवरी हायस. आम्ही दार अडवून उभ्या हाओत. आत येऊ नाही देत. घे!"

आणि माझ्या तोंडातून आलं,

"तलावाच्या पाळीवर मोहफुलांचा सडा,
शामरावांचं नाव घेते, आता दार सोडा!"

नाव त्या ओळीत बसून आपोआप बाहेर आलं. मी आणलं नाही. गोठ्यामागे म्हशींना ऐकवून मी हा उखाणा घोकला होता, आणि नवरी म्हणून दारात एवढ्या जोरात ओरडले होते की सासूबाईंच्या हातचं माप सांडलं. ती आगाऊ पोरगी इतक्या वर्षांनी मला वाचवायला येईल, असं कुणाला वाटलं असतं?

पडद्याबाहेरच्या बाकावरून आवाज आला, "कोणी बलावलं का मले?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, याला परीक्षेत गुण नाहीत. पण हे जपा. गाणी, ओव्या, उखाणे मेंदूत वेगळ्या वाटांनी राहतात. पुष्कळदा त्या वाटा शेवटपर्यंत टिकतात." मी आ वासून ऐकत होते. जे मी गमतीत पाठ केलं, ते खोल बसलं. जे जपून ठेवलं असं वाटत होतं, ते निसटलं.

गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, त्याची चाल थोडी मंदावू शकते, हे डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे. रोज चालायचं, झोप पुरी घ्यायची, बीपी आणि साखर सांभाळायची, माणसांत राहायचं. शेताचे आणि घराचे निर्णय मी आत्ताच बोलून ठेवले. माझं मत माझ्याच तोंडून गेलं. लवकर ओळखल्याचा हा मोठा फायदा.

आणि नावं घ्यायची. जावेला पहिल्यांदा "सुलोचना" म्हणून हाक मारली, तर ती दचकून म्हणाली, "कोन मेलं?"

तुमच्या घरी असं कुणी असेल तर एक ऐका. "मले ओळखलं का?" असं विचारून आमची परीक्षा घेऊ नका. आपलं नाव सांगा आणि जवळ बसा.

आमचे हे आता रोज सकाळी चहा घेऊन येतात, कप माझ्या हातात देतात आणि लाजत म्हणतात, "मी शामराव." अजून गरज पडलेली नाही. पण मी म्हणू देते. ह्यांचा सराव झालेला बरा.