कवचातला माणूस

त्या वर्षी रत्नागिरीच्या उकाड्यातही मी पूर्ण बाह्यांचे सदरे घालत असे, मनगटाची बटणं लावून. खोलीतला सोबती मला ‘सायेब’ म्हणायचा. तो नाटे गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. मी पालीच्या आतल्या एका वाडीतला, शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा पांढरा डाग उठला होता आणि तो झाकण्यासाठी त्या बाह्या होत्या, हे सोबत्याला ठाऊक नव्हतं. गावी बहिणीचं लग्न जुळत आलं होतं. भावाला कोड आहे एवढं कानावर गेलं असतं तरी ते मोडलं असतं.

एका रविवारी दुपारी तो मला बसस्टँडमागच्या व्हिडिओ सेंटरवर घेऊन गेला. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, समोर रंगीत टीव्ही, बसायला बाकडी. सिनेमा इंग्रजी, जुना. संवाद कोणालाच कळत नव्हते, मलाही फारसे नाही. पण गोष्ट कळायला अडचण आली नाही. थंड प्रदेशातला एक शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी सापडलेल्या कसल्याशा जिवावर प्रयोग करत असतो. काचेची नळी फुटते, बोट कापतं. तो बोट फडक्याने पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. बस्स, एवढंच होतं. मग हळूहळू त्याच्या कातडीवर खेकड्यासारखं कवच चढायला लागतं.

“कुर्ली झाला रे, कुर्ली!” मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

“आमच्याकडे असली पाटी भरून येतात,” सोबती मोठ्याने म्हणाला. “कालवण कर म्हणावं त्या बाईला.” पुन्हा हशा.

ती बाई म्हणजे त्या शास्त्रज्ञाची मदतनीस. मला आवडलेला प्रसंग तिचाच आहे. त्याची बोटं जाड झालेली असतात, कोटाचं बटण काही केल्या लागत नाही. ती दारात उभी राहून पाहते. मग पुढे येते आणि ते लावून देते. कोणी काही बोलत नाही, संगीतही नाही. भीती दाखवायला निघालेल्या दिग्दर्शकाने इतका वेळ एका बटणावर का घालवला असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं की त्याने सगळा सिनेमाच त्या बटणासाठी काढला असावा. किंचाळ्या आणि रक्त पुढे भरपूर होतं, पण मी घाबरलो तो त्याआधीच. एकटाच आरशासमोर उभा राहून तो आपला हात उलटसुलट करून बघतो ना, तेव्हा. मी रोज सकाळी सोबती विहिरीवर गेला की तेच करत होतो.

त्याची चूक फुटलेल्या नळीची. माझी कोणती, हे मी तिथेच बसून शोधू लागलो. आणि सापडलीही. सोबत्याच्या घरी गणपतीनंतर गेलो होतो, तिथे बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि रात्री त्याच्या आईने आग्रहाने दिलेलं दूध प्यायलो. मासे खाऊन दूध प्यायलं की कोड उठतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी. यात तथ्य नाही हे मला कळायला हवं होतं. तरीही त्या अंधारात मी ते पेलाभर दूध पुन्हा पुन्हा आठवत राहिलो.

परत येताना सोबती खेकड्यासारखा तिरका चालून दाखवत होता.

“तुला दया नाही आली त्याची?” मी विचारलं.

“दया कसली मेल्या? रबर होतं ते. कोपराजवळ शिवण दिसत होती.”

शिवण मलाही दिसली होती. पण दिसूनही मला ते खरंच वाटलं होतं. रत्नागिरीत माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता. त्याला दाखवावं, असं वाटून मी मनगटाच्या बटणाला हात घातला.

तेवढ्यात तो म्हणाला, “माझ्या अंगावर असलं काय उठलं ना, तर होडीतून उडीच टाकीन बघ.”

मी हात खाली घेतला.

दोन दिवसांनी तास बुडवून मी एकटाच पुन्हा तो सिनेमा बघायला गेलो. जेमतेम चार-पाच माणसं होती, त्यातली दोन झोपलेली. या वेळी हसायला कोणी नव्हतं. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण तसं झालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. शहरातून आलेल्याने पाहिलेला सिनेमा सांगायचा, अशी आमच्या वाडीत पद्धतच होती. एरवी ओटीवर सगळे जमत. हा सिनेमा मात्र मी फक्त आईला सांगितला, ती मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत होती तेव्हा. प्रयोग, काच, कवच, ती बाई, सगळं. शेवटी तो समुद्रात उतरतो आणि बाई किनाऱ्यावर उभी राहते, इथवर.

आई ऐकत होती. मग म्हणाली, “त्याला आई नव्हती काय रे?”

दोनदा बघूनही हे माझ्या मनात आलं नव्हतं.

“सिनेमात नव्हती,” मी म्हणालो.

“असती तर एवढं होईस्तवर कळलं नसतं तिला?”

मी बाही वर केली आणि हात तिच्यापुढे धरला. तिने ओला हात लुगड्याला पुसला, माझं मनगट उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्याने डागावरून एकदा घासून पाहिलं. डाग जातो का, हे बघत असावी.

“कोणाला दाखवलंस?”

“नाही कोणाला.”

“आता नको दाखवू. तिचं लग्न होऊ दे.” आत बहीण भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. आईने वालाची परात मांडीवरून बाजूला सारली, पण माझं मनगट सोडलं नाही.