अंगठा लागत नाही

ते प्रकरण आजही आठवले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी माझे लक्ष त्याच्या हातांकडे जाते. पोलीस सेवा मी निवृत्तीच्या वयाच्या पुष्कळ आधी, स्वेच्छेने सोडली; आता न्यायसहायक विज्ञानात संशोधन करते. त्या वेळी मात्र रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेतून आलेली मी उपनिरीक्षक होते. सोलापूरच्या पूर्व भागातील एका ठाण्यात नेमणूक होती आणि मला वर जाण्याची घाई होती. अर्ज चौकशीने कोणी वर जात नाही. माझ्या टेबलावर मात्र अर्जांचाच गठ्ठा येत असे.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी हजेरी आटोपल्यावर ठाणे अंमलदाराने एका बाईला माझ्याकडे पाठवले. चाळिशीची, विड्या वळणारी, घरी तेलुगू बोलणारी.

"मॅडम, मागितलेलं कर्ज मिळालं न्हाई, आन् न मिळालेलं फेडा म्हणून माणसं दारात येतायत," ती म्हणाली.

विडीचे काम पानावर अवलंबून. चांगले पान मिळाले तर हाताला काम, नाही तर बसून राहायचे. पगारपत्रक नाही, खात्यात ठरावीक रक्कम येत नाही, पूर्वी कधी कर्ज घेतलेले नाही. त्यामुळे बँकेने तिला दारातूनच परत पाठवले होते. तिला विडी सोडून शालेय गणवेशांच्या शिलाईकडे वळायचे होते. एका कारखानदाराने घरी काम देण्याचे कबूल केले होते. अट एवढीच की मोटारीचे शिलाई मशीन तिचे स्वतःचे हवे, आणि तेही शाळा उघडण्याआधीच्या हंगामात.

जवळच्या एका सेवा केंद्राचा चालक कुठल्याशा वित्त कंपनीचा प्रतिनिधी होता. पगारपत्रक नसलेल्यांनाही वैयक्तिक कर्ज, असा फलक त्याने लावला होता. ती गेली. त्याने बोट यंत्रावर ठेवायला सांगितले आणि म्हणाला, लागत नाही. पुन्हा ठेवा. पुन्हा लागत नाही. अखेर त्याने हात जोडले, काम होणार नाही म्हणाला, आणि ती घरी गेली. पुढे काही महिन्यांनी वसुलीची माणसे आली. नावावर हे कर्ज थकलेले दिसत असल्यामुळे आता दुसरे कोणीही तिला उभे करीत नव्हते.

"ठसा लागला नाही याचं तुम्हांला आश्चर्य वाटलं नाही?"

"त्यात काय, मॅडम? आमचा अंगठा कुटं लागतोय? रेशनला बी लागत न्हाई."

मी कंपनीला पत्र दिले. उत्तर स्वच्छ होते. बोटाचा ठसा जुळला, खाते उघडले, कर्ज जमा झाले, आणि ठसा देऊनच ती रक्कम काढली गेली. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तिचा नव्हता, तो बंदही पडला होता. आमच्या वरिष्ठांनी उत्तर वाचले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"घेतात, खर्च करतात आणि मग नाही म्हणतात. दिवाणी बाब आहे. समज द्या आणि अर्ज फाईल करा."

नियमाने ते चूक नव्हते. पण मला चैन पडेना. बाई म्हणते ठसा लागला नाही, यंत्र म्हणते लागला. प्रयोगशाळेत अशा वेळी आम्ही कोणालाच खोटे ठरवत नसू. मधली पायरी शोधत असू. ठाण्यात तेवढा वेळ कोणाकडे असतो? बाई मात्र रोज येऊन बाकावर बसू लागली. काही मागत नसे, मला बघून फक्त उठून उभी राहत असे. शाळा उघडण्याचे दिवस जवळ येत होते. मी दुसऱ्या कामाचे जबाब लिहिताना मध्येच थांबत असे, उठून व्हरांड्यात फेऱ्या मारत असे.

मग खबर आली. आमच्या जुन्या हवालदारांनी केंद्राशेजारच्या झेरॉक्सवाल्याशी ओळख वाढवली होती. तो सहज बोलून गेला, "काम झालेला माणूस फी देऊन जातो, ते ठीक हाय. पण काम न झालेल्या बायकांना हा चहा पाजतो, हवालदारसाहेब. फी बी घेत न्हाई. असला एजंट सोलापुरात दुसरा दाखवा."

माझ्या अनुभवात दलाल काम न झाल्यावरही काहीतरी कापून घेतो. हा सोडून देतो, म्हणजे त्याला दुसरीकडून मिळते आहे. हवालदारांनी असा चहा प्यालेल्या आणखी काही बायका शोधल्या. कंपनीकडे विचारणा केली, तर त्यांतल्या बहुतेकींच्या नावावर कर्ज निघाले. त्यांना पत्ताही नव्हता.

तरी ठसा कसा लागला, हा प्रश्न तसाच होता. मी तक्रारदार बाईचा जबाब पुन्हा घ्यायचे ठरवले, पण या वेळी तोंडी नाही. माझ्या टेबलावर शाईचा पॅड ठेवला आणि म्हटले, "हे त्याचं यंत्र समजा. तिथं जे केलं, तेच करून दाखवा."

ती खुर्ची ओढून बसली, हात पुसला, आणि पॅडवर डाव्या हाताची करंगळी ठेवली.

"करंगळी का?"

"त्यानंच सांगितलं की. अक्का, करंगळी ठिवा म्हणाला."

"आणि रेशनला काय ठेवता?"

"अंगठा. आन् हे बोट," तिने तर्जनी दाखवली. "करंगळी कोण मागतंय?"

बाकीच्या बायकांना मी वेगवेगळे बोलावले, एकीची दुसरीशी भेट होऊ दिली नाही. प्रत्येकीने पॅडवर करंगळी ठेवली. विडी वळताना अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे पानावर सतत घासतात, त्यांच्या रेषा झिजतात. करंगळी बाजूला राहते, आणि ओळखपत्राच्या नोंदणीत दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. दुसऱ्या दिवशी दोन पंचांसमक्ष मी तक्रारदार बाईला वेगळ्याच केंद्रात नेले आणि तिच्या जुन्या खात्याची शिल्लक बोट लावून विचारायला सांगितली. अंगठा नाकारला गेला. तर्जनी नाकारली गेली. करंगळी ठेवताच यंत्राने शिल्लक दाखवली. पंचनामा लिहिताना माझा हात इतका घाईत होता की हवालदार म्हणाले, "मॅडम, अक्षर वाचायला तरी येऊ दे."

गुन्हा दाखल झाला. केंद्रचालक नोटीस मिळताच हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणे, बसायच्या आधी परवानगी विचारणे.

"सिस्टीमचा घोळ असंल, मॅडम. या बायकांच्या हाताला रेषाच राहत न्हाईत. सगळ्या गावाला माहीत हाय."

"तुम्हांलाही माहीत होतं?"

"व्हय की."

"म्हणून करंगळी मागितली?"

तो हसला. "सहज मागितली असंल."

"सगळ्यांकडे सहज?"

तो शर्टाची बाही सारखी करू लागला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. घाईच्या स्वभावाला हे फार जड जाते, पण चौकशीत प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहणे हाही कामाचा भाग आहे. शेवटी हवालदारांनीच त्याला तेलुगूत घरी कोण कोण असते ते विचारले. तो म्हणाला, अम्मा.

"विड्या करते?"

"करायची." मग तो माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागला. "तिची पेन्शन अडकली होती, मॅडम. जाईल तितं अंगठा लागत न्हाई, नंतर या. शेवटी मीच तिला माझ्या मशीनवर बसवलं, एकेक करून सगळी बोटं लावली. करंगळी लागली. त्या दिवशी रडली ती."

"आणि बाकीच्या बायकांचं?"

"एकीचं लागलं होतं. मी चेष्टेनं म्हणलं, लागलं न्हाई, अक्का. ती उठून चालायला लागली. का म्हणून विचारलं न्हाई, स्क्रीनकडं बघितलं न्हाई. मला वाटलं थांबंल. ती गेली की."

पुढचे त्याने न अडखळता सांगितले. पहिल्या ठशाने खाते आणि कर्ज, पुढच्या ठशाने रक्कम बाहेर, आणि दर वेळी लागत नाही. मी जबाब लिहीत होते आणि माझा राग कुठे ठेवावा ते मला कळत नव्हते. आईसाठी शोधून काढलेली युक्ती त्याने तिच्याच सोबतिणींवर वापरली होती.

दोषारोपपत्र गेले. कंपनीने कर्जे मागे घेतल्याचे लेखी दिले. पण शाळा उघडल्या होत्या, तो हंगाम बाईच्या हातून गेला. मशीन तिला पुढच्या वर्षी मिळाले, एका पतसंस्थेच्या कर्जातून, आणि तेही सहज नाही.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. फसवणुकीच्या तपासात आम्ही माणसाला कोणते आमिष दाखवले गेले ते शोधतो. इथे आमिष कोणी गिळलेच नव्हते. या बायका नकाराला इतक्या सरावल्या होत्या की त्याची खातरजमा करावी, असे कोणाच्या मनात आले नाही. ज्याला पगारपत्रक नाही, त्याला होकार मिळाला तर तो चार वेळा विचारतो. नकार मिळाला तर आभार मानून निघतो. तेव्हापासून तक्रारदाराला मी हेही विचारू लागले की तुम्हांला कोणी आणि कशावरून नाही म्हटले.

त्या पतसंस्थेत मी तिच्यासोबत गेले होते, पोलिसांचे पत्र द्यायला. टेबलामागच्या माणसाने संगणकात डोकावून मान हलवली. "होणार नाही, मावशी. जुनी नोंद दिसते. नंतर या."

ती अर्धी उठली. मग पुन्हा बसली.

"कुटं दिसतंय? दाखवा की."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. नाइलाजाने त्याने पडदा तिच्याकडे वळवला. मागे घेतलेले कर्ज तिथे अजून थकीत दिसत होते.

"हे कोन काडनार? तुमी का ते कंपनीवाले?"

"कंपनीला कळवावं लागेल."

"मग कळवा. मी बसते हितं."

त्याने फोन उचलला, आणि तिने खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली.