भोपळ्यावरचा पहिला घाव

श्रावणातला रविवार, वडूज. हजर तिघी: आई, शेजारच्या काकू आणि मी. बिया भाजल्याचा वास आला की तो दिवस आठवतो. रक्त वाढल्याशिवाय आईचं ऑपरेशन होणार नव्हतं, म्हणून माझ्या यादीत गोळ्यांनंतर भोपळ्याच्या बिया होत्या, लोहासाठी. पण अख्खा भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, त्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही, अशी आमच्याकडची समजूत. घरात दुसरा पुरुष नव्हता, थोरला भाऊ तर सीमेवर. "त्यो येऊ दे, मग फोडू," आई म्हणाली. "आवं, तवर आतल्या बियांना कोंब फुटतील!" काकू हसल्या. माझ्या येरझारा थांबेनात. शेवटी मीच कोयता घातला. आईनं डोळे गच्च मिटले. भाऊ सुखरूप येईपर्यंत तिनं एकही बी तोंडात घातली नाही. मग ऑपरेशनही झालं, आज दोघंही ठणठणीत आहेत. आईची माफी मागायची मात्र अजून राहिली आहे.