पट्टी हिरवी झाली होती

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. देवासमोर उभा राहतो तेव्हाही एवढं वगळून बाकीचं सगळं बोलतो — इतका मी हुशार! तुम्हांला सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

डिचोलीच्या एका लॅबमध्ये मी तीस वर्षं रक्त-लघवी तपासतोय. माझा रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे. आणि मला ते आवडायचं. धारगळला दिलेली माझी थोरली बहीण, आक्का, तर येईल-जाईल त्याला ते ऐकवायची. आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा तिने पहिला फोन केला तो मला — मुलाला नाही.

नुसत्या केमोने गाठ हलेना. मग डॉक्टरांनी आणखी एक औषध जोडलं. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवते, ते म्हणाले. त्या वेड्यावाकड्या, गळक्या, म्हणून केमो आतपर्यंत नीट पोचत नाही. हे औषध त्यांना आवर घालतं. पण मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांनाही ते इजा करू शकतं. म्हणून प्रत्येक डोसाआधी लघवीतली प्रथिनं तपासायची, जास्त निघाली तर डोस थांबवायचा. तपासणार कोण? घरचाच माणूस होता की.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ आक्रसलेली दिसली. आक्का पोटभर जेवू लागली. मोप्याच्या विमानतळावर जाऊन विमानं बघून आली. आणि त्यानंतरच्याच नमुन्यात मी बुडवलेली पिवळी पट्टी हिरवी झाली — म्हणजे प्रथिनं.

मी काय केलं? दुसरी पट्टी बुडवली. तीही हिरवी. डोस चुकला तर त्या वाहिन्या पुन्हा वाढतील, गाठ पुन्हा फोफावेल — एवढंच डोक्यात. डॉक्टरांना फोन करायला कितीसा वेळ लागला असता? मी लिहिलं, प्रथिनं : नाहीत. खाली सही केली. पुढच्या दोन्ही वेळी पट्टी आणखी गडद झाली, आणि दोन्ही वेळी मी तेच लिहिलं.

मग तिचे पाय सुजले, तोंड सुजलं. इस्पितळात डॉक्टरांनी तिथेच सगळं तपासून घेतलं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. ते औषध बंद, केमोही बंद. एवढं अचानक कसं, डॉक्टरांना कळेना. घरच्यांना मात्र लगेच कळलं — सून, नयन, जेवणात मीठ फार घालते, सुकी मासळी देते. हे कुणी काढलं? मी नाही. पण लॅबवाला म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "मीठ वायटच."

त्या पट्ट्यांपेक्षा हे दोन शब्द मला जास्त छळतात.

"माका तिच्या हातची पेज नको," आक्का म्हणायची — नयनच्या तोंडावर. नयन शेजारणीकडून पेज करून आणायची आणि दाराबाहेर उभी राहायची. दोन महिन्यांत आक्का गेली.

बाराव्याला नयन माझ्याजवळ येऊन बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मामा, खरा सांगा. माझ्याच हातान झाला मां ह्यां?"

नाही म्हणायला किती लागतं? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "जावंदे गो. आता ता काढून काय उपेग?"

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.